ऊसपैदासकार आणि लाल कूज

ऊस हे बी पेरून नव्हे तर टिपरी लावून घेतले जाणारे पीक आहे, आणि या पिकाच्या जनुकशास्त्रात आयुष्य घालवणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला येणारी जवळजवळ प्रत्येक सोय व जवळजवळ प्रत्येक आपत्ती या एका वस्तुस्थितीतून उगम पावते. टिपरी म्हणजे एक-दोन-तीन डोळे असलेला उसाचा तुकडा, आणि डोळा म्हणजे सांध्याशी दडलेला सुप्त कोंब. त्यातून जे रोप उभे राहते ते मूळ उसाचे अपत्य नसून जनुकीयदृष्ट्या तोच ऊस असतो. त्यामुळे हजारो रोपांतून एखादे सरस रोप हाती लागले, तर त्याचा वारसा कितीही गुंतागुंतीचा असला तरी तो जसाच्या तसा लाखो हेक्टरांवर नेता येतो. गव्हाच्या किंवा भाताच्या संशोधकाला निवडलेले गुण स्थिर करण्यासाठी पुढच्या कित्येक पिढ्या खर्ची घालाव्या लागतात. ऊसपैदासकाराला, म्हणजे संकर व निवड करून नवे वाण घडवणाऱ्या शास्त्रज्ञाला, तेवढी एक चिंता नसते. मात्र ज्या बुरशीने त्या एका रोपाचा प्रतिकार मोडला, तिला पुढच्या शेतात काहीही नव्याने करावे लागत नाही, कारण पुढचे शेत, पुढचा तालुका आणि कधी कधी उरलेले सगळे राज्यही त्याच एका रोपाचे बनलेले असते.

भारतातील ऊससंशोधनाच्या आरंभाशीच एक रोग उभा आहे. मद्रास इलाख्यातील सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर विसाव्या शतकाच्या आरंभी उसाकडे वळले ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील मळे लाल कुजीने उद्ध्वस्त होत होते म्हणून, आणि १९०२ मध्ये सामलकोट येथे निघालेले ऊससंशोधन केंद्र हे त्याच संकटाचे फलित होते. हा रोग घडवणारी बुरशी, कोलेटोट्रिकम फाल्कॅटम, वेंट या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावर १८९३ मध्ये वर्णिली होती, तर भारतातील तिचे रूप एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये तपशिलाने मांडले. रोगट ऊस उभा चिरला तर आतला गर लाल झालेला दिसतो, त्या लालीत मधूनमधून आडवे पांढरे पट्टे असतात आणि मद्यासारखा आंबूस वास येतो. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की निदानासाठी सूक्ष्मदर्शकाची फारशी गरज उरत नाही. अडचण अशी की बाहेरून, वरची पाने पिवळी पडून सुकेपर्यंत, ऊस निरोगी दिसत राहतो, आणि त्याच निरोगी दिसणाऱ्या उसाच्या टिपऱ्या पुढच्या हंगामासाठी बेणे म्हणून दुसऱ्या गावी जातात. शेतात साचलेले पावसाचे किंवा पुराचे पाणी रोगाचे उरलेले काम पुरे करते.

जावातील डच मळ्यांवर १८८० नंतरच्या दशकात सेरेह नावाचा वेगळाच रोग पसरला होता. त्यात ऊस उंच वाढण्याऐवजी गवताच्या झुबक्यासारखा खुरटत असे. त्यावर उतारा शोधताना जावात सोल्टवेडेल यांनी, आणि तिकडे बार्बाडोस बेटावर हॅरिसन व बॉव्हेल यांनी, १८८८ च्या सुमारास एक गोष्ट निर्विवाद केली की उसाच्या तुऱ्यात उगवणक्षम बी असते. तोपर्यंत हे पीक वांझ आहे अशीच बहुतेकांची समजूत होती, आणि हजारो वर्षे टिपऱ्यांवर वाढवलेल्या पिकाबद्दल ती होणे स्वाभाविकच होते. तुरा म्हणजे शेंड्यावर येणारा रुपेरी फुलोरा. शेतकऱ्याच्या लेखी तो वाढ थांबल्याची व वजन घटण्याची खूण, तर पैदासकाराच्या लेखी सबंध वर्षाची कमाई.

कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊसपैदास केंद्र निघाले ते या तुऱ्यासाठीच. विषुववृत्ताच्या उत्तरेला अकरा अंशांवरील त्या ठिकाणी दिवसाची लांबी व रात्रीची ऊब अशी जुळते की अनेक जातींचे ऊस भरपूर फुलतात, उलट पंजाब-बिहारच्या मळ्यांत तुरा क्वचित येतो आणि आला तरी त्यातून जिवंत बी मिळणे दुरापास्त. परिणामी एक विलक्षण कामविभागणी जन्माला आली: दक्षिणेत संकर करायचा, आणि त्या संकराची रोपे गंगेच्या खोऱ्यातील थंडी, उन्हाळा व पूर सोसतात की नाही हे शेकडो कोस दूर पाहायचे. ज्याने बी तयार केले त्याला वाणाची पारख पाहायला मिळेलच असे नाही. ऊसपैदाशीतील ही स्थिती तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

या केंद्रातील पहिला गाजलेला संकर बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांचा. त्यांनी जाड, गोड, रसाळ पण नाजूक प्रकृतीचा वेल्लै हा ऊस मादी म्हणून घेतला आणि कोइमतूरच्या परिसरात उगवणाऱ्या सॅकॅरम स्पॉन्टॅनियम या रानटी गवताचे पराग त्यावर टाकले. हे गवत नदीकाठच्या काशाच्या कुळातले, त्यात साखर नाममात्र, उलट काटकपणा व रोगाला दाद न देण्याची वृत्ती ओतप्रोत. त्यातून निवडलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबसाठी देण्यात आला. ‘को’ हे कोइमतूरचे आद्याक्षर असून, पुढे संस्थांनुसार त्याला ‘कोसी’, ‘कोएस’, ‘कोएलके’, महाराष्ट्रासाठी ‘कोएम’ अशी शेपटे जोडली गेली. मळ्यातील उसाला रानगवताशी जुळवण्याची कल्पना त्या काळच्या अनेक जाणत्यांना अवमानकारक वाटली असती, आणि को २०५ चा सडपातळ बांधा पाहता त्यांचा दोषही म्हणता येत नाही.

या संकराचे गणित उलगडले ते काही वर्षांनी, जावातील ब्रेमर यांच्या अभ्यासातून. पेशीकेंद्रातील गुणसूत्रे, म्हणजे जनुके वाहून नेणारे धागे, जाड उसात ८० असतात आणि कोइमतूरच्या रानगवतात ६४. नेहमीच्या नियमाने दोघांकडून निम्मी घेतली तर संततीत ४० व ३२ मिळून ७२ यायला हवीत. प्रत्यक्षात को २०५ मध्ये ती ११२ आढळली, कारण या जोडीत मादी आपली सगळीच्या सगळी ८० गुणसूत्रे पुढे देते आणि नर मात्र निम्मीच. निसर्गाची ही मेहेरनजर नसती तर गोडवा पहिल्याच पिढीत पातळ झाला असता. पुढे या संकराला पुन्हा जाड उसाशी जुळवत नेले की गोडवा वाढतो आणि रानटी रक्ताचा अंश काटकपणापुरता शिल्लक राहतो. जावात येस्वीट यांनी या पद्धतीला शिस्त आणली आणि तिथून निघालेल्या पीओजे २८७८ या वाणाने काही वर्षांतच जवळजवळ सगळे बेट व्यापले. उत्तर भारतातील बारीक देशी उसांना या येस्वीटांनीच बार्बर यांचे नाव देऊन सॅकॅरम बार्बेरी म्हटले, ही शास्त्रातील सौजन्याची एक दुर्मीळ नोंद.

संकराच्या हंगामातील कोइमतूर हे आजही या व्यवसायातील माणसांचे वार्षिक एकत्र येण्याचे ठिकाण आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढचे काही आठवडे तिथल्या राष्ट्रीय संकर उद्यानात शाहजहानपूर, लखनौ, पाडेगाव अशा ठिकाणच्या केंद्रांतील शास्त्रज्ञ आपापल्या जोड्यांची यादी घेऊन येतात, आणि त्या यादीचे काय होणार हे शेवटी तुरे ठरवतात. मनातली मादी फुलते तेव्हा नर गाभ्यात असतो, नर उमलतो तेव्हा मादीचा तुरा झडत आलेला असतो. उसाचे फूल इतके बारीक की त्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकण्याचा विचार व्यवहारात शक्य नसतो, म्हणून ज्यांचे पराग मुळातच निकामी आहेत अशा जाती मादी म्हणून निवडाव्या लागतात. पराग सकस आहेत का हे आयोडीनच्या थेंबाने कळते: पिष्टाने भरलेले कण गडद होतात, पोकळ कण फिके राहतात. परागकोश फुटतात ते पहाटे, हवेतला दमटपणा उतरत असताना, आणि तेव्हा हातात तुरा नसेल तर त्या दिवसापुरते काम संपलेले असते. नराचे तुरे कापून पाण्यात ठेवायचे आणि मादीच्या तुऱ्याभोवती बांधलेल्या कापडी कंदिलात शेजारी लावायचे, किंवा उसाला उभ्याउभ्याच वरच्या कांडीवर माती बांधून मुळे फुटू द्यायची व मग तो हवा तिथे हलवायचा, असे हे कौशल्य आहे. ते ग्रंथातून कमी आणि शेजारी उभे राहून जास्त शिकले जाते. काही आठवड्यांनी मिळणारे बी केसाळ लव लागलेले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे असते.

यानंतरचा काळ टाकून देण्याचा. पेरलेल्या बियांतून उगवलेले प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळे असते, कारण आईबापांच्या शंभरावर गुणसूत्रांची वाटणी दोनदा सारखी होत नाही. सख्खी भावंडे म्हणावीत तर एक बोरूसारखे आणि दुसरे मनगटाएवढे. पहिल्या वर्षी नजरेने, मग हातातल्या रसमापकाने (हे रसातील विद्राव्य घटक दाखवणारे छोटे उपकरण असते), नंतर तोललेल्या वजनाने निवड होत जाते, लावणीच्या पिकावर आणि मग खोडव्यावर, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यातून फुटलेल्या पिकावर, पुन्हा पारख होते, आणि संकरापासून शेतकऱ्याच्या हाती वाण पडेपर्यंत बारा वर्षे लागली तरी ती विलंबाची मानली जात नाहीत. अनुभवी पैदासकाराला या कामात एक नजर येते, तिच्यावर त्याचा विश्वासही बसतो. पण रोगाच्या बाबतीत ती नजर कुचकामी असते, आणि हे मान्य करण्यातच या व्यवसायाची खरी शिस्त आहे. देखण्या, उंच, गोड रोपाला मुद्दाम रोग द्यावा लागतो. उभ्या उसाच्या खालून तिसऱ्या कांडीला भोक पाडायचे, त्यात बुरशीच्या बीजाणूंचे पाणी सोडायचे, भोक लिंपून बंद करायचे आणि दोन महिन्यांनी तो ऊस उभा चिरून लाली किती सांधे ओलांडून गेली, तिची रुंदी किती, पांढरे पट्टे आहेत का, शेंडा हिरवा आहे का सुकला, यावरून शून्य ते नऊ असे गुण द्यायचे. ज्याचा आकडा मोठा त्याचे साखरेचे आकडे कितीही चांगले असले तरी ते कागदावरच राहतात. या चिरलेल्या उसांच्या ढिगात किती चांगले वाण गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवत नाही, ते योग्यही आहे.

इतकी दक्षता घेऊनही वाण पडतातच. कोइमतूरचा को २१३ हा वाण बिहार व पूर्व संयुक्त प्रांतात झपाट्याने पसरला होता. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर जे नवे कारखाने उभे राहिले, त्यांतील अनेकांची भट्टी या उसावर चालत होती. १९३८-३९ च्या सुमारास लाल कुजीने त्याला गाठले आणि सलग पट्टे जमीनदोस्त झाले. वेंकटरामन तेव्हा संस्थेच्या प्रमुखपदी होते. ज्या केंद्राच्या वाणांनी देशाची साखरेची आयात थांबवली, त्याच केंद्राचा एक वाण त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला. या साथीमुळे रोगशास्त्रज्ञांच्या हाती एक महत्त्वाची समज आली की बुरशीही एकजिनसी नाही: फिक्या रंगाचे, भरपूर बीजाणू देणारे तिचे रूप गडद रूपापेक्षा अधिक आक्रमक असते. वाण पडतो तो आपला प्रतिकार गमावून नव्हे, कारण टिपरीने वाढणारा ऊस बदलत नाही. बदलते ती बुरशी, आणि तिला बदलण्यासाठी जितके मोठे एकसुरी क्षेत्र मिळेल तितकी तिची संधी मोठी. म्हणजे पैदासकाराचे यश जितके निर्भेळ, तितके पुढच्या साथीचे शेत मोठे. ही गोष्ट १९४० सालीही समजत होती. तिच्यावर उपाय करणे मात्र शास्त्रज्ञाच्या एकट्याच्या हाती कधीच नव्हते, कारण जास्त साखर देणारा ऊस कारखान्याला हवा असतो आणि जास्त टनेज देणारा शेतकऱ्याला, आणि दोघांना एकच वाण मिळाला तर तिसरा कोण लावील?

महाराष्ट्रात या इतिहासाचे रूप थोडे वेगळे दिसते. दख्खनच्या कालव्यांवरील जुना पुंड्या ऊस मागे सारला गेला तो को ४१९ मुळे. पीओजे २८७८ आणि को २९० यांच्या संकरातून निघालेल्या या वाणात जावाची जाडी व कोइमतूरचा काटकपणा एकत्र आला होता. १९३२ पासून नीरेकाठी काम करणाऱ्या पाडेगावच्या केंद्राने इथल्या आडसाली लागणीला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षाने तोडायच्या पिकाला, मानवणारे वाण पारखण्याचे काम केले. पठाराच्या कोरड्या हवेत लाल कुजीचा जोर कमी, पण त्याची भरपाई चाबूक काणीने केली. काणी म्हणजे शेंड्यातून निघणारा, काळ्या भुकटीने माखलेला लांब चाबूक. त्यातील प्रत्येक कण बुरशीचा बीजाणू असतो आणि वाऱ्यावर पसरतो. एके काळी राज्यभर दिसणारा को ७४० या रोगाला सहज बळी पडे. इथे पैदासकाराच्या मदतीला बेणेप्रक्रिया आली: सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत बेणे काही तास ठेवले की काणी व गवताळ वाढ हे रोग बव्हंशी आटोक्यात येतात, आणि असे बेणे मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांच्या बेणेमळ्यांतून वाढवून दिले जाते. लाल कूज मात्र उष्णतेला अशी दाद देत नाही. कारखान्यांच्या शेतकी खात्यात या तीन पायऱ्यांचे महत्त्व सगळे जाणतात, पण लागणीच्या घाईत शेजाऱ्याच्या उसाचे बेणे उचलणे कोणाला चुकलेले नाही.

को ८६०३२ हा वाण, नाव ‘नीरा’ पण शेतकऱ्यांच्या तोंडी नुसता आकडा, को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाला आणि अनेक वर्षे महाराष्ट्रातील ऊसक्षेत्राचा सर्वांत मोठा वाटा त्याच्याकडे राहिला. पाडेगावचा कोएम ०२६५ त्याच्या जोडीला आला, पुण्याजवळच्या मांजरीतील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आंबोलीच्या घाटमाथ्यावर स्वतःची संकराची सोय उभी केली, पण एका वाणाची पकड सैल करणे किती अवघड असते हे या दोन्ही संस्थांतील संशोधकांना चांगले ठाऊक आहे.

वाण अनेक असले तरी त्यांचे पूर्वज थोडे, ही दुसरी अडचण. जगातील बहुसंख्य आधुनिक ऊस विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत वापरलेल्या मोजक्या जाड जातींपासून व त्याहून मोजक्या रानगवतांपासून उतरले आहेत. १९३४ नंतरची काही वर्षे कोइमतूरला काम केलेल्या जानकी अम्मल यांनी उसाचा संबंध मक्यासारख्या दूरच्या गवतांशी जोडून पाहिला आणि रानगवतांच्या गुणसूत्रांचा अभ्यास मांडला. त्या संकरांतून शेतकऱ्यासाठी काही निघाले नाही, तरी उसाच्या नातेसंबंधांचा नकाशा त्यांतून पुष्कळ स्पष्ट झाला. पुढे पांजे आणि बाबू यांनी १९६० मध्ये दाखवले की एकट्या सॅकॅरम स्पॉन्टॅनियममध्ये गुणसूत्रांची संख्या ४० पासून १२८ पर्यंत बदलते आणि ती प्रदेशांनुसार विभागलेली आहे. केरळमधील कण्णूर येथे जपलेल्या जागतिक ऊससंग्रहाचे मोल अशा अभ्यासामुळे कळते; तिथल्या गवताच्या एखाद्या ठोंबात पुढच्या साथीचा उतारा असू शकतो, पण तो काढायला किमान तीन-चार संकर-पिढ्या, म्हणजे एका माणसाच्या नोकरीचा बराच मोठा भाग लागतो.

को ०२३८ ची कथा अगदी अलीकडची आहे आणि तिच्यात को २१३ चे जवळजवळ सगळे टप्पे पुन्हा दिसतात. कर्नालच्या प्रादेशिक केंद्रात बक्षी राम यांनी कोएलके ८१०२ व को ७७५ यांच्या संकरातून घडवलेला हा वाण २००९ मध्ये लागवडीसाठी आला. त्याने उत्तर प्रदेशातील साखर उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून मिळणारी साखर, सव्वानऊच्या आसपासून साडेअकराच्या जवळ नेला आणि दशकभरात त्या राज्याच्या ऊसक्षेत्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला. त्यासाठी बक्षी राम यांना मिळालेली पद्मश्री सर्वथा यथायोग्य होती. प्रसारित झाला तेव्हा तो त्या वेळच्या बुरशीरूपांना मध्यम प्रतिकारक ठरला होता, आणि ती चाचणी चुकीची नव्हती. पण पूर्वेकडच्या पाणथळ जिल्ह्यांतून सुरू झालेली लाल कूज पश्चिमेकडे सरकत गेली, आणि तपासात बुरशीचे एक नवे रूप आढळले. आता तिथे या वाणाऐवजी को ०११८, कोएलके १४२०१, को १५०२३ असे पर्याय सुचवले जातात. त्यांतील कोणी एकटाच पुन्हा सगळीकडे पसरेल की त्यांची सरमिसळ टिकेल, हे यापुढच्या काही हंगामांतील बेण्याच्या मागणीवर ठरेल.

उसाच्या जनुकसंचाचे वाचन या पार्श्वभूमीवर झाले आहे. रियुनियन बेटावरील आर५७० या वाणाचा आठ अब्जांहून अधिक अक्षरांचा जनुकसंच २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तपकिरी तांबेऱ्याला रोखणाऱ्या ब्रू१ या प्रभावी स्थानामागील संभाव्य जनुकेही त्यात हेरता आली. तांबेऱ्याच्या संशोधकाला मिळालेली ही खूण लाल कुजीच्या संशोधकाला अजून मिळालेली नाही. तिथे प्रतिकार अनेक जनुकांत थोडाथोडा विखुरलेला असतो, म्हणून उभा ऊस भोसकून, दोन महिने थांबून, चिरून पाहण्याची जुनी चाचणीच निर्णायक राहते. त्या चाचणीसाठी बुरशीची जी रूपे प्रयोगशाळांत जपली जातात त्यांना सीएफ असा क्रमांक असतो आणि प्रत्येकापुढे ती ज्या वाणावरून वेगळी केली त्या वाणाचे नाव लिहिलेले असते: सीएफ ०१ पुढे को ११४८, सीएफ ०६ पुढे कोसी ६७१, सीएफ ०९ पुढे कोएस ७६७, सीएफ १२ पुढे को ९४०१२. दक्षिणेतल्या नव्या वाणाला सीएफ ०६ व सीएफ १२ या दोहोंसमोर उभे राहावे लागते, म्हणजे को ८६०३२ च्या एका पालकावर वाढलेली बुरशी आज त्याच्या वारसदारांची परीक्षा घेते. यादीतील सीएफ १३ पुढे को ०२३८ हे नाव लागले आहे, आणि उत्तरेतील चाचण्यांमध्ये त्या रूपाचा समावेश झाला आहे.